पशुवैद्यांना विचारा : ताटलीतून येणारे आजार

या अंकासाठी आलेल्या बहुतेक पत्रांत वाचकांनी औषध विचारले आहे, आणि जनावर रोज काय खाते हे मात्र एका ओळीत उरकले आहे किंवा लिहिलेलेच नाही. ज्या पत्रलेखकांशी फोनवर बोलून रोजचे खाणे तपशिलाने विचारून घेता आले, त्यांचीच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न (मानेवाडा) : आमच्याकडे जर्मन शेफर्ड जातीचे चार महिन्यांचे पिल्लू आहे. घरी आणल्यापासून त्याला बिनहाडाचे उकडलेले चिकन आणि भात देतो, आठवड्यातून दोनदा कलेजी. काही दिवसांपासून ते लंगडते, पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकल्यासारखे दिसतात आणि उचलून घेतले की केकाटते. रक्त तपासले, तर कॅल्शियम नॉर्मल आले. शेजारी म्हणतात की रोज सकाळी उन्हात बसवा. सध्या देत असलेले कॅल्शियमचे सिरप दुप्पट करावे काय?

उत्तर : सिरप दुप्पट करू नका. आधी पिल्लाच्या चारही पायांचा आणि पाठीच्या कण्याचा एक्स-रे काढून घ्या, आणि तो निघेपर्यंत त्याला जिना, उड्या आणि गुळगुळीत फरशी यांपासून दूर ठेवा. आपण सांगितलेली लक्षणे आणि त्याचे जेवण एकत्र पाहता, आहारातील कॅल्शियमच्या तुटीमुळे हाडे आतून पोखरली जाण्याचा विकार दाट संभवतो.

बिनहाडाचे मांस प्रथिनांच्या दृष्टीने उत्तम असले, तरी त्यात कॅल्शियम अत्यल्प असते आणि फॉस्फरस त्याच्या साधारण 15 ते 20 पट असतो. कलेजीत ही तफावत आणखी मोठी असते. वाढत्या पिल्लाला मात्र फॉस्फरसच्या 1 भागामागे कॅल्शियमचे साधारण 1.2 ते 1.4 भाग मिळायला हवेत, आणि ही तूट भाताने भरून निघत नाही. हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल रक्तातील कॅल्शियमवर अवलंबून असल्यामुळे शरीर ती पातळी सहसा घसरू देत नाही. ती खाली जाऊ लागली की मानेतील परावटू ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडांत साठलेले कॅल्शियम रक्तात ओढले जाते. म्हणूनच आपला रिपोर्ट नॉर्मल आला. या आजारात तो बहुधा नॉर्मलच येतो आणि त्यावर विसंबून मालक निर्धास्त होतात, ही मला सर्वांत काळजीची गोष्ट वाटते. एक्स-रेमध्ये मात्र हाडांची बाहेरची भिंत पातळ झालेली दिसते, आणि पुष्कळदा कोणाच्या लक्षातही न आलेले बारीक अस्थिभंग दिसतात. पिल्लू उचलताना केकाटते ते त्यामुळेच.

उन्हाविषयी शेजाऱ्यांचा सल्ला माणसाच्या बाळाला लागू पडतो. नागपुरात उन्हाला तोटा नाही, पण कुत्र्याच्या आणि मांजराच्या कातडीत त्या उन्हापासून पुरेसे ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कारण ते ज्या द्रव्यापासून बनायचे त्या द्रव्याचे कातडीतच कोलेस्टेरॉल होऊन जाते. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे स्पष्ट केले. त्याच्या कितीतरी आधी, 1919 च्या सुमारास, इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवरच प्रयोग करून दाखवले होते की निकृष्ट आहाराने मुडदूस होतो आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टळतो. म्हणजे कुत्र्याचे ड जीवनसत्त्व ताटलीतूनच यावे लागते.

सिरपचा धोका आता सांगतो. सहा महिन्यांच्या आतले पिल्लू आतड्यात आलेले जास्तीचे कॅल्शियम नाकारू शकत नाही, ते शोषून घेते. जर्मन शेफर्ड, लॅब्राडॉर, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींत या अतिरेकाने सांध्यांतील कूर्चेची आणि हाडांची वाढ बिघडते. तूट भरून काढण्याचा खरा मार्ग म्हणजे मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी तयार केलेले संपूर्ण खाद्य. ते परवडत नसेल, तर घरच्या जेवणात किती क्षार मिसळायचे हे पशुवैद्याकडून वजनानुसार मोजून घ्यावे. आहार दुरुस्त झाला की साधारण महिनाभरात हाडे भरू लागतात, मात्र तेवढे दिवस पिल्लाला सतरंजी अंथरलेल्या लहान जागेतच ठेवावे, मालीश करू नये आणि पाय सरळ करण्यासाठी ओढू नयेत. आलेला बाक काही पिल्लांत थोडा कायम राहतो. दुखते म्हणून घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. कुत्र्याला ती महागात पडू शकते, आणि मांजराला तर पॅरासिटामॉल प्राणघातक ठरते.

अशीच तक्रार दूध-पोळीवर वाढवलेल्या पिल्लांबद्दलही येते. गव्हातील फायटेट नावाचे द्रव्य कॅल्शियमला आणि जस्ताला बांधून ठेवते. डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कडेला खपल्या धरणे, केस निस्तेज होणे ही जस्त कमी पडल्याची खूण असू शकते. अशा वेळी केवळ खरजेचे मलम लावत राहून उपयोग होत नाही.

प्रश्न (वर्धमाननगर) : आमचे घर पूर्णपणे शाकाहारी आहे; घरात अंडेही येत नाही. दोन वर्षांपूर्वी दारात सापडलेली मांजर आम्ही सांभाळली. ती दूध, दहीभात, पनीर, तुपाची पोळी आवडीने खाते. अलीकडे संध्याकाळी ती खुर्चीच्या पायांना धडकते आणि तिच्या डोळ्यांतील बाहुल्या भर उजेडातही मोठ्याच राहतात. डोळ्यांत घालायला थेंब सुचवावेत.

उत्तर : या अवस्थेला थेंबांनी गुण येणार नाही, आणि वेळ दवडणेही योग्य नाही. मांजरीला या आठवड्यातच घेऊन जा, डोळ्यांच्या मागच्या पडद्याची तपासणी करवून घ्या आणि त्याच वेळी हृदयाची सोनोग्राफीही करवून घ्या. दृष्टी जाण्याची रक्तदाबासारखी इतरही कारणे असतात, ती तपासणीत कळतील. परंतु दोन वर्षे मांसाविना राहिलेल्या मांजरीत मला पहिला संशय टॉरिनच्या कमतरतेचा येतो.

टॉरिन हे प्राण्यांच्या मांसात, विशेषतः हृदयात आणि स्नायूंत भरपूर असणारे अमिनो आम्ल आहे. धान्यात, डाळीत आणि भाजीत ते जवळजवळ नसते, दुधात थोडेच असते. कुत्र्याचे शरीर ते सहसा स्वतः बनवून घेते. मांजराला ते पुरेसे बनवता येत नाही, शिवाय पित्तरस तयार करण्यासाठी ते सतत खर्च होत राहते. ते कमी पडले की दृष्टिपटलाच्या पेशी मरू लागतात, ही गोष्ट 1975 मध्ये सिद्ध झाली. त्यानंतर 1987 मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हृदयाचा स्नायू सैल पडून मांजरे दगावतात, त्यामागेही टॉरिनचीच कमतरता असू शकते. त्या काळी बाजारातील तयार खाद्य खाणाऱ्या मांजरांतही हा आजार आढळत होता. उत्पादकांनी खाद्यातील टॉरिन वाढवल्यावर तो विरळ झाला. लक्षणे दिसायला महिने, कधी वर्षे लागतात, म्हणून इतके दिवस काही झाले नाही याचा अर्थ आहार सोसला असा होत नाही. हृदयाची हानी टॉरिन मिळू लागल्यावर पुष्कळ अंशी भरून येते. दृष्टिपटलाची येत नाही. आज जेवढी दृष्टी उरली आहे ती राखणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि तेवढ्यासाठीही घाई करणे योग्यच आहे.

केवळ टॉरिनची पूड दुधात घालून काम भागणार नाही. गाजरातील पिवळ्या द्रव्यापासून मांजर अ जीवनसत्त्व बनवू शकत नाही, ते तयार स्वरूपातच मिळावे लागते. ॲराकिडोनिक आम्ल नावाचे स्निग्धाम्लही तिला प्राणिज चरबीतूनच घ्यावे लागते. खाण्यात प्रथिने कमी आली, तरी तिचे यकृत प्रथिने जाळणे पुरेसे आवरते घेऊ शकत नाही.

आपल्या घराचा आचार मोडावा, असे मी सुचवणार नाही, कारण तो आपल्या श्रद्धेचा प्रश्न आहे. परंतु घरच्या शाकाहारी स्वयंपाकावर मांजर निरोगी राहू शकत नाही, हे मला स्पष्टच सांगितले पाहिजे. मांस शिजवायचे नसेल, तर ‘मांजरांसाठी संपूर्ण आहार’ असा उल्लेख असलेले बंद पाकिटातील खाद्य आणावे, त्याची ताटली आणि जागा वेगळी ठेवावी. बरीच शाकाहारी कुटुंबे असे करतात. तेही घरात चालत नसेल, तर मांजर सांभाळण्याची जबाबदारी एखाद्या मांसाहारी स्नेह्याकडे सोपवणे तिच्या हिताचे होईल. कुत्र्यासाठीचे खाद्य मांजरीला रोजचे जेवण म्हणून देऊ नका, कारण त्यात टॉरिन घालणे बंधनकारक नसते. कुत्र्याची गोष्ट निराळी आहे : दूध-पनीर, डाळी आणि मोजून मिसळलेले क्षार-जीवनसत्त्वे यांवर पशुवैद्याच्या देखरेखीखाली तो शाकाहारी राहू शकतो.

प्रश्न (मनीषनगर) : आमचा लॅब्राडॉर पाच वर्षांचा असून वजन 42 किलो आहे. नसबंदी झालेली आहे. तो फार खात नाही : दिवसाला तूप लावलेल्या चार पोळ्या, सकाळच्या चहाबरोबर आमच्यातली दहाएक बिस्किटे, रविवारी थोडे तर्री-पोहे, आणि दोन वाट्या डॉग फूड. तरीही वजन वाढते आणि उन्हाळ्यात तो फार धापा टाकतो. थायरॉइडची गोळी सुरू करावी का?

उत्तर : तपासणीशिवाय गोळी सुरू करू नका, आणि तपासणीच्याही आधी त्याचे खाणे मोजून पाहा. त्याचे योग्य वजन 32 किलोच्या आसपास असेल असे धरले, तर वजन उतरवताना त्याला दिवसाला सुमारे 950 किलोकॅलरी पुरतात. एका मध्यम पोळीत साधारण 100 आणि चमचाभर तुपात 45 किलोकॅलरी असतात. म्हणजे चार पोळ्यांतच 580 झाल्या. दहा बिस्किटांचे 200 हून अधिक धरा. डॉग फूडचा पहिला दाणा पडण्यापूर्वीच दिवसाचा बहुतेक वाटा संपलेला असतो, म्हणून ‘फार खात नाही’ हे आपले निरीक्षण मला मान्य करता येत नाही.

त्याच्या हावरेपणाला काही अंशी जात कारणीभूत आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले की लॅब्राडॉर जातीत एका विशिष्ट जनुकाचा तुकडा गळालेला आढळतो आणि असे कुत्रे अधिक लठ्ठ व अन्नासाठी अधिक आतुर असतात. तपासलेल्या लॅब्राडॉरपैकी जवळपास एक चतुर्थांश कुत्र्यांत हा दोष होता. त्यामुळे तो डोळ्यांत पाणी आणून पाहतो, म्हणजे उपाशी आहे असे समजू नका. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात 48 लॅब्राडॉरच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न जन्मभर दिले गेले, तेव्हा कमी खाणारे कुत्रे सरासरी जवळपास दोन वर्षे अधिक जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा झिजले. कुत्र्याला लाडाने दिलेल्या घासाची किंमत इतक्या नेमकेपणाने सांगणारे अभ्यास थोडेच आहेत.

घरच्या घरी करता येणारी तपासणी अशी. कुत्र्याला उभे करून दोन्ही हात त्याच्या छातीच्या बाजूंवर अलगद ठेवा आणि दाब न देता बोटे पुढे-मागे फिरवा. आता स्वतःच्या हाताची मूठ वळून तिच्या उंचवट्यांवर दुसऱ्या हाताचे बोट फिरवा. कुत्र्याच्या फासळ्या तशा लागल्या, तर तो रोड आहे. हात सरळ धरून पाठीमागच्या बाजूवर, बोटांच्या खालच्या हाडांवर, बोट फिरवल्यावर जसे लागते तशा लागल्या, तर वजन योग्य आहे. आणि तळहाताच्या बाजूने चाचपल्यावर जसे मऊ लागून हाड शोधावे लागते तसे झाले, तर तो लठ्ठ आहे. दर पंधरा दिवसांनी ही तपासणी करा आणि वजनही लिहून ठेवा.

पोळी, तूप, बिस्किटे आणि पोहे पूर्ण बंद करा. डॉग फूड वाटीने न देता वजनकाट्यावर मोजा, कारण घरोघरी वाटी वेगळी असते. बक्षिसासाठी काकडीचा तुकडा किंवा उकडलेली फरसबी चालते. आठवड्याला वजनाच्या 1 ते 2 टक्के घट पुरेशी आहे. दोन महिने काटेकोर मोजूनही वजन हलले नाही, तर थायरॉइडची तपासणी अवश्य करा. एप्रिल-मे महिन्यांत नागपूरचा पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा अंगावर चरबीचा थर असलेल्या कुत्र्याला उष्माघात फार लवकर होतो. म्हणून त्या दिवसांत त्याला सूर्य उगवण्याच्या सुमारासच फिरवून आणा, वजन घटवण्याच्या भरात दुपारी पळवू नका.

प्रश्न (महाल) : रविवारी घरी सावजी मटण झाले. उरलेला रस्सा आणि नळ्या आमच्या दहा किलो वजनाच्या गावठी कुत्र्याला दिल्या. तीन दिवसांनी त्याची लघवी लालसर-तपकिरी झाली, हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि तो सुस्त पडून आहे. तिखटामुळे उष्णता झाली असेल का?

उत्तर : हे पत्र मिळताच आम्ही फोन करून त्याला दवाखान्यात नेण्यास सांगितले होते. येथे इतरांसाठी लिहितो. मुख्य संशय कांद्यावर जातो. कांदा आणि लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशींवर आघात करतात, पेशी फुटतात आणि त्यांतील रंगद्रव्य लघवीवाटे बाहेर पडते. परिणाम खाल्ल्यावर काही दिवसांनी दिसतो, म्हणून रविवारचे जेवण कोणाला आठवत नाही. कुत्र्यात किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा अपायकारक ठरतो, मांजरात केवळ 5 ग्रॅम. दहा किलोच्या कुत्र्याला 150 ग्रॅम, म्हणजे दोन मध्यम कांदे पुरतात, आणि कांदा भाजून, वाटून, आटवून केलेल्या दाट रश्श्यात ते सहज जातात. शिजवल्याने हा दोष जात नाही.

तरीही केवळ माझ्या तर्कावर थांबू नये. आपल्याकडे गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही लघवी अशीच गडद होते आणि हिरड्या अशाच पांढऱ्या पडतात, म्हणून रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आवश्यक आहे. सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यक महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या कोणत्याही दवाखान्यात ही तपासणी होऊ शकते. रक्त फारच कमी झाले असेल, तर रक्त चढवावे लागते. तेलाच्या तवंगाने स्वादुपिंडाला सूज येते, त्यात सतत उलट्या आणि पोटदुखी होते. आणि शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होऊन ते अन्ननलिकेत किंवा आतड्यात अडकतात. सावजी रश्श्याच्या एका वाटीत ही तिन्ही संकटे एकत्र येतात.

प्रश्न (गोकुळपेठ) : आमचा नसबंदी केलेला बोका फक्त कोरडे खाद्य खातो. कालपासून तो सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, पण काही होत नाही. बद्धकोष्ठ समजून एरंडेल द्यावे का?

उत्तर : एरंडेल देऊ नका. बोक्याची लघवी तुंबलेली असण्याची शक्यता अधिक आहे आणि ती दोन दिवसांतही प्राणावर बेतते, कारण मूत्रपिंडांचे काम थांबून रक्तातील पोटॅशियम वाढते आणि हृदय बंद पडते. रात्रीची वेळ असली, तरी नेलेच पाहिजे. पुढे तो बरा झाल्यावर पशुवैद्याने सांगितलेले ओले खाद्य सुरू करा. मांजर मुळात पाणी कमी पिणारे जनावर आहे, आणि कोरड्या खाद्यात पाण्याचा अंश जेमतेम दहावा हिस्सा असतो. घरात दोन-तीन ठिकाणी, जेवणाच्या ताटलीपासून दूर, पसरट भांड्यांत ताजे पाणी ठेवा आणि उन्हाळ्यात ते दिवसातून दोनदा बदला. लघवी खड्यामुळे तुंबली असेल, तर खड्याची जात महत्त्वाची ठरते : स्ट्रुव्हाइट जातीचे खडे विशेष आहाराने विरघळतात, ऑक्झलेट जातीचे विरघळत नाहीत. म्हणून खडा कोणत्या जातीचा होता हे कागदावर लिहून घ्या.

प्रश्न (सक्करदरा) : मोठ्या मांजरीला दूध द्यावे की नाही?

उत्तर : गरज नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातील साखर पचत नाही आणि जुलाब होतात. ज्या मांजरीला ते सोसते, तिला चार चमचे देण्यास हरकत नाही, पण ते तिचे जेवण समजू नका.

प्रश्न (जरीपटका) : दुकानात पोत्यातून सुटे डॉग फूड स्वस्त मिळते. पावसाळ्यात ते घ्यावे का?

उत्तर : घेऊ नका. त्यात मका असतो आणि दमट हवेत मक्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते, जे कुत्र्याचे यकृत निकामी करते आणि शिजवूनही नष्ट होत नाही. वासावरून ते नेहमी ओळखता येत नाही. शिवाय उघड्या पोत्यात चरबीला खवट वास येतो आणि जीवनसत्त्वे उतरतात. महिन्याभरात संपेल एवढेच बंद पाकीट घ्या, खाद्य त्याच पाकिटात ठेवून ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पाकिटावरचा बॅच क्रमांक खाद्य संपेपर्यंत जपून ठेवा. जुन्या खाद्यावरून नव्यावर जाताना सात ते दहा दिवस दोन्ही मिसळून, नव्याचे प्रमाण हळूहळू वाढवत जा. बुरशी आलेली पोळी किंवा पाव गल्लीतल्या कुत्र्यांनाही टाकू नका.